ओटिस रेडिंगचं मोठेपण ऐकायचं कुठे?

गाणं शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे: "सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत. त्याची ओळख करून घेताना ओटिस रेडिंगचं नाव सगळे पहिल्या पाचांत घेतात. मला त्याचा आवाज घोगरा वाटतो. रेंज फार नाही, हरकती जवळजवळ नाहीत, शब्दही तुटक येतात. अरिथा फ्रँकलिन या गायिकेचं मोठेपण पहिल्या मिनिटात कळतं, याचं कळत नाही. २६व्या वर्षी विमान अपघातात गेला म्हणून त्याचं नाव झालं का?"

तुमचे कान बरोबर आहेत. रेंज खरंच मोठी नाही. गळ्याला अरिथासारखी फिरत नाही. वर गेला की आवाज फाटतो, आणि तो फाटू देतो. हे सगळं मान्य करूनही सांगतो, सोलमधल्या ज्या चार-पाच माणसांकडून मी सगळ्यात जास्त शिकलो, त्यांत तो पहिला. मी गायक नाही, ट्रम्पेट वाजवतो. ३४ वर्षं झाली: आधी लग्नाचा बँड, मग ऑर्केस्ट्रा, आता बराचसा वेळ मुलांना शिकवण्यात जातो. माझ्या मते ओटिस समजायला गायकाच्या जागेपेक्षा ब्रासवाल्याची, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन फुंकणाऱ्याची जागा बरी पडते. तुम्ही त्याचा गळा गाण्यातून वेगळा काढून ऐकताय. त्याने गाणं तसं बांधलेलंच नाही. स्वतःची ओळ आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनची ओळ त्याला एकाच वेळी ऐकू यायची, आणि तो त्यांच्यासाठी जागा सोडून गायचा. तुम्हाला जे तुटक वाटतं ती ही सोडलेली जागा आहे.

आयुष्याची हकिकत आधी सांगतो, ती छोटीच आहे. ९ सप्टेंबर १९४१ला अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डॉसन गावी त्याचा जन्म झाला. तो लहान असतानाच घर त्याच राज्यातल्या मेकन शहरात आलं. वडील हवाई तळावर नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी चर्चमध्ये उपदेश. मुलगा चर्चच्या गायकवृंदात गायचा, तिथेच ड्रम्स आणि पियानोला हात लागला. वडिलांना क्षयाने गाठलं आणि १५व्या वर्षी शाळा सुटली. विहिरी खणल्या, पेट्रोल पंपावर काम केलं. मेकन हे रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्डचं गाव. ओटिसच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्ड लावल्या तर हा मुलगा लिटल रिचर्डसारखं ओरडायला बघतोय, हे कुणीही सांगेल. गावातल्या डग्लस थिएटरमधल्या गाण्याच्या स्पर्धा तो ओळीने जिंकत गेला. तिथे जॉनी जेंकिन्स नावाचा गिटारवाला भेटला आणि त्याच्या बँडबरोबर ओटिस फिरायला लागला.

१९६२मध्ये जेंकिन्सचं रेकॉर्डिंग मेंफिस शहरात, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत ठरलं. जेंकिन्सकडे गाडीचा परवाना नव्हता, म्हणून गाडी ओटिसने चालवली. स्टुडिओतल्या लोकांना तो ड्रायव्हरच वाटला. जेंकिन्सचं काम काही जमलं नाही, थोडा वेळ उरला, आणि या ड्रायव्हरला गाऊन दाखवायची संधी मिळाली. पहिलं गाणं पुन्हा लिटल रिचर्डच्याच चालीचं, ते कुणाला रुचलं नाही. मग संथ गाणं म्हणतो म्हणाला. पियानोवाला निघून गेला होता, तेव्हा गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसला. ते गाणं म्हणजे 'दीज आर्म्स ऑफ माइन'. तीन-तीनच्या ठोक्यांची, दादऱ्यासारखी झुलती लय. नक्कल तिथल्या तिथे गळून पडलेली ऐकू येते. या गाण्यात तो ओरडत नाही, मागतो.

आता स्टॅक्सबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण ती जागा नसती तर हा गायक असा घडला नसता. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्सटन यांनी मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर घेतलं. आडनावांची पहिली अक्षरं जोडली की कंपनीचं नाव होतं. थिएटरची जमीन उतरती, ती तशीच ठेवली. पुढच्या भागात एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. आत सगळे एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवायचे. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स आणि ड्रम्सवर अल जॅक्सन, दोघे काळे. गिटारवर क्रॉपर आणि बेसवर डक डन, दोघे गोरे. ट्रम्पेटचा वेन जॅक्सन गोरा, टेनर सॅक्सोफोनचा अँड्र्यू लव्ह काळा. वर्णभेदाच्या त्या मेंफिस शहरात ही माणसं रोज एकत्र बसून गाणी रचत होती.

आणि रचत होती ती कागदाशिवाय. इथे मी माझ्या मुद्द्यावर येतो. ब्रासची ओळ ओटिस गाऊन दाखवायचा. ट्रम्पेटवाल्यासमोर उभं राहून 'फा-फा-फा-फा' करत, हातवारे करत, कुठे जोर, कुठे सूर झटकन तोडायचा, सगळं तोंडाने. १९६६मध्ये त्याने या सवयीचंच एक गाणं केलं, 'फा-फा-फा-फा-फा'. त्यात तो ब्रासची ओळ स्वतः गातो, ब्रास ती परत वाजवतं, आणि तो पुढे जातो.

मी ज्या बँडमध्ये वाढलो त्याच्या मास्तरांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांना नोटेशन उत्तम यायचं, पण नवीन गाणं बसवताना ते कागद काढत नसत. समोर उभे राहून म्हणायचे, "पॅ-पारा-पॅप्. थांबा. आता क्लॅरिनेट." श्वास कुठे, दाब कुठे, सूर कधी सोडायचा, हे त्यांच्या गाण्यातच असायचं. कागदावरच्या ठिपक्यात ते उतरत नाही. स्टॅक्सच्या वादकांच्या आठवणी मी पुढे वाचल्या तेव्हा मला समोर अण्णाच दिसत होते. जो माणूस ब्रासची ओळ तोंडाने म्हणतो, त्याला वाजवणाऱ्याचा श्वास माहीत असतो. अशा गायकामागे वाजवताना आपण मागे आहोत असं वाटतच नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. ओटिस गिटार एका उघड्या कॉर्डला जुळवून घ्यायचा, म्हणजे बोट न ठेवता सगळ्या तारा छेडल्या की एक पूर्ण कॉर्ड वाजायची, आणि बोट आडवं सरकवत गाणी करायचा. त्यामुळे गाणी गिटारला सोयीच्या पट्ट्यांत यायची. पांढरी तीन, पांढरी सहा (इंग्रजीत E आणि A). गिटारला ते लोणी, पण ट्रम्पेटला? पांढरी तीन म्हणजे आमच्याकडे ६ शार्प, म्हणजे सहा सूर अर्ध्या पायरीने चढलेले, पांढरी सहा म्हणजे ५. काळी पाच किंवा काळी दोन असेल तर ट्रम्पेटवर बोटं आपोआप पळतात, इथे प्रत्येक सुराला विचार करावा लागतो. या गाण्यांतली ब्रासची वाक्यं छोटी, ठोसा मारल्यासारखी, बरीचशी एकाच ओळीत सगळ्यांनी मिळून वाजवलेली आहेत. याचं एक कारण या पट्ट्या असाव्यात, असं मला ती स्वतः वाजवून पाहिल्यावर वाटलं. लांबलचक नक्षी तिथे सुचतच नाही. सुचतो तो एक सूर, नेमक्या जागी.

'सॅटिसफॅक्शन' हे रोलिंग स्टोन्सचं गाणं ऐकलं असेलच. त्याची गिटारवरची प्रसिद्ध ओळ त्यांचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याच्या मनात मुळात ब्राससाठी होती, गिटार तात्पुरती होती. स्टोन्सचं गाणं आलं १९६५च्या जूनमध्ये. जुलैत ओटिसने ते मेंफिसमध्ये रेकॉर्ड केलं आणि ती ओळ ब्रासला दिली. दोन्ही पाठोपाठ ऐका.

हे रेकॉर्डिंग 'ओटिस ब्लू' या अल्बमचं. ९ आणि १० जुलै १९६५. अकरापैकी दहा गाणी सुमारे २४ तासांत झाली, आणि त्यातही मधले काही तास काम बंद, कारण वादकांना रात्री क्लबमध्ये आपापल्या नोकऱ्या होत्या. ते वाजवून मध्यरात्रीनंतर परत आले आणि सकाळपर्यंत बसले. ओटिसचा आवडता सोल गायक सॅम कुक सात महिन्यांपूर्वी गोळी लागून गेला होता. ओटिसने त्याची तीन गाणी या अल्बममध्ये घेतली. सॅम कुकचा आवाज रेशमी, ओटिसचा खादीसारखा. आपल्या आवडत्या गायकाची गाणी गाताना बहुतेक लोक त्याच्यासारखं गायला जातात. ओटिस गेला नाही. 'शेक' त्याने पार खडबडीत करून टाकलं.

'रिस्पेक्ट' याच अल्बममधलं, आणि ते ओटिसचं स्वतःचं लेखन. तुम्ही अरिथाचं नाव काढलंत म्हणून मुद्दाम सांगतो. ओटिसच्या गाण्यात कमावून घरी येणारा पुरुष मान मागतोय. १४ फेब्रुवारी १९६७ला अरिथाने ते रेकॉर्ड केलं तेव्हा मागणारी बाई झाली, शब्दाची अक्षरं सुटी सुटी म्हणायची जागा तिने घातली, मागे बहिणींचा कोरस आला, मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन. गाणं तिचं झालं. ओटिसनेही स्टेजवरून सांगितलं की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं. दोघांत डावं-उजवं करायची मला गरज वाटत नाही. पण ओटिसचं ऐकताना अल जॅक्सनच्या ठोक्यावर त्याचे शब्द कसे पडतात ते बघा. तो गाण्यातला दुसरा ड्रमर आहे. 'गॉटा-गॉटा-गॉटा' हे त्याचं अडखळणं लोकांना लकब वाटते. मला ते तबल्यावर तिहाई येण्याआधीच्या बोलांसारखं वाटतं, समेवर नेऊन सोडणारं.

आता 'ट्राय अ लिट्ल टेंडरनेस'. एकच गाणं ऐकायला वेळ असेल तर हे ऐका. मूळ गाणं १९३२चं, गुळगुळीत प्रेमगीत. ते बिंग क्रॉस्बीनेही गायलेलं आहे. ओटिसने १९६६मध्ये घेतलं. सुरुवातीला फक्त ब्रास, तीन आवाज एकमेकांत गुंफलेले, चर्चमधल्यासारखे. या बांधणीत आयझॅक हेज या स्टॅक्सच्याच तरुण संगीतकाराचा हात होता. मग ओटिस येतो, जवळजवळ बोलल्यासारखा. ड्रम्स गप्प. दुसऱ्या कडव्याला अल जॅक्सन स्नेअर या ड्रमच्या कडेवर काठीने टिक-टिक-टिक-टिक सुरू करतो. घड्याळासारखी. गायक अजून विलंबितात आहे आणि खाली दुगुन चालू झाली. संपूर्ण गाण्याचा ताण त्या टिकटिकीत आहे, कारण आता कधीतरी गायकाला या लयीला येऊन मिळावंच लागणार, हे ऐकणाऱ्याला कळतं. तो लगेच येत नाही. गिटार येते, पियानो येतो, ब्रास परत येतं, मग पूर्ण ड्रम्स. शेवटच्या मिनिटात शब्द संपतात आणि फक्त ठोके उरतात. आपल्याकडे बडा ख्याल ते द्रुत या प्रवासाला पाऊण तास मिळतो. याने तो पावणेचार मिनिटांत केला.

मी हे गाणं पहिल्यांदा ऐकलं १९९०च्या सुमारास. मावसभाऊ जहाजावर होता, त्याने आणलेल्या कॅसेटवर. गाणं संपल्यावर मी कॅसेट मागे घेतली ती ओटिससाठी नाही, त्या काठीसाठी. ऑर्केस्ट्रात मला नेहमी गायकाच्या प्रत्येक श्वासात फिलर, म्हणजे वाद्याचे छोटे तुकडे, भरायला सांगायचे. जागा दिसली की भर. कॅसेटवरचा हा माणूस दुसऱ्या कडव्यापर्यंत ड्रम्सलाही थांबवून ठेवत होता, आणि तरी काही कमी वाटत नव्हतं.

व्यवहारातही तो कच्चा नव्हता. मेकनचाच फिल वॉल्डन हा गोरा मित्र त्याचा मॅनेजर, आणि दोघांची गाण्यांच्या हक्कांची स्वतःची कंपनी होती. आर्थर कॉन्ली या तरुण गायकाला घेऊन त्याने १९६७मध्ये 'स्वीट सोल म्युझिक' केलं, ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. जॉर्जियात मोठी शेतवाडी घेऊन तो पत्नी झेल्मा आणि मुलांबरोबर राहायचा. दुःखी, उद्ध्वस्त कलाकाराची जी प्रतिमा अकाली गेलेल्यांना चिकटवली जाते, ती याला बसत नाही.

१९६७ हे त्याचं शेवटचं वर्ष, आणि सगळ्यात भरलेलं. वसंतात स्टॅक्सची मंडळी युरोपात गाजली. ब्रिटनच्या 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या कौलात त्याने एल्विस प्रेस्लीला मागे टाकलं. १७ जूनला कॅलिफोर्नियात माँटेरे संगीत महोत्सवात रात्री शेवटी तो आला. समोर बहुतेक गोरी तरुण मुलं, त्यांतल्या अनेकांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पाच गाणी, वीस मिनिटांच्या आसपास. त्याचं चित्रीकरण आहे. पाहताना त्याच्या पायांकडे बघा, तो सतत चालतोय, जागच्या जागी.

त्यानंतर गळ्याचं ऑपरेशन. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. काही आठवडे त्याला बोलायचीही बंदी होती. तुम्ही गाणं शिकताय म्हणून हे स्पष्ट सांगतो: त्याचा खरखरीतपणा उचलू नका. तसा आवाज काढायला गळा घासावा लागतो आणि त्याची किंमत त्यानेही मोजली. उचलायची ती त्याची थांबण्याची जागा.

त्या उन्हाळ्यात तो सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसलिटोला एका हाउसबोटीवर राहिला होता. तिथे 'डॉक ऑफ द बे'चं बीज पडलं. क्रॉपरबरोबर त्याने ते पुरं केलं. गाणं शांत, समुद्राकडे बघत बसलेल्या माणसाचं, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. गिटार घेऊन वाजवून पाहा. पट्टी पांढरी पाच. कडव्याच्या कॉर्ड पांढरी पाच, पांढरी सात, पांढरी एक, पांढरी सहा, आणि सगळ्या मेजर. नियमाने पांढरी सात आणि पांढरी सहा इथे मायनर यायला हव्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाचला सा धरला की एका कॉर्डमधून कोमल धैवत येतो, दुसरीतून तीव्र मध्यम, आणि ध्रुवपदात पांढरी तीनची मेजर कॉर्ड येते तिच्यातून कोमल रिषभ. हे सगळे परके सूर खाली वाजत असतात आणि वर गाणारा काहीच घडलं नाही अशा साध्या ओळी म्हणतो. घर सोडून आलेल्या माणसाचं अस्वस्थपण मला तर शब्दांइतकंच या कॉर्डांत ऐकू येतं. उघड्या जुळवणीवर बोट सरकवायच्या त्याच्या सवयीतून सगळ्या कॉर्ड मेजर झाल्या, हे क्रॉपरनेही सांगितलं आहे. सवयीतून आलं, पण ते ठेवायचं की नाही हे कान ठरवतो.

नोव्हेंबर-डिसेंबर १९६७मध्ये रेकॉर्डिंग झालं. शेवटी जे बोलायचं योजलं होतं ते ऐनवेळी आठवेना म्हणून त्याने शीळ घातली, असं क्रॉपर सांगायचा. जिम स्टुअर्टला गाणं पसंत नव्हतं, हे आपलं सोल वाटत नाही म्हणाला. ओटिसला मात्र खात्री होती.

१० डिसेंबर १९६७. आदल्या दिवशी क्लीव्हलंडला कार्यक्रम करून तो स्वतःच्या छोट्या विमानाने विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला निघाला. बरोबर बार-केज हा पोरसवदा वादकांचा संच, विशीच्या आतबाहेरचे सगळे. दुपारी साडेतीनच्या सुमारास, धावपट्टी काही मैलांवर असताना, विमान मोनोना तलावात पडलं. कारण तपासात ठरलं नाही. सात जण गेले. वाचला एकटा बेन कॉली, ट्रम्पेटवाला. त्याला पोहता येत नव्हतं. खुर्चीची गादी छातीशी धरून तो बर्फासारख्या पाण्यात तरंगत राहिला आणि मित्रांच्या हाका थांबत गेलेल्या ऐकत होता. बेसवाला जेम्स अलेक्झांडर दुसऱ्या विमानाने येत होता म्हणून राहिला. या दोघांनी पुढे बार-केज पुन्हा उभा केला. बेन कॉलीने ट्रम्पेट सोडलं नाही. २०१५ला तो गेला. विद्यार्थ्यांना मी हे एकदाच सांगतो, आणि त्या दिवशी मला पुढचा धडा घेता येत नाही.

ओटिस गेल्यावरच्या त्याच दिवसांत क्रॉपरने एकट्याने बसून गाण्याचं मिक्सिंग पुरं केलं, लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज घातला. जानेवारी १९६८मध्ये रेकॉर्ड आली, मार्चमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि चार आठवडे राहिली. गायकाच्या मृत्यूनंतर अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे पहिलं गाणं. म्हणजे तुमच्या शंकेत एवढं तथ्य आहे की सगळ्यात मोठं यश मरणानंतर आलं. पण मी वर सांगितलेलं बाकी सगळं तो जिवंत असताना, पाच वर्षांत झालेलं आहे.

आता अभ्यास. 'ट्राय अ लिट्ल टेंडरनेस' लावा आणि ओटिसबरोबर गाऊ नका. पहिल्या वेळी फक्त ब्रासची ओळ गुणगुणा, जिथे ब्रास गप्प तिथे तुम्ही गप्प. दुसऱ्या वेळी बोटाने टेबलावर ती टिकटिक धरा, सुरू होते तिथपासून शेवटपर्यंत, न चुकता. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. तिसऱ्या वेळी टिकटिक चालू ठेवून त्याची ओळ गा, आणि तो जिथे थांबतो तिथे त्याच्याइतकंच थांबा. माझ्या वर्गातली मुलं तिसऱ्या वेळी नेहमी अर्धा ठोका आधी सुरू होतात. तुम्हीही व्हाल. तेव्हा परत पहिल्यापासून, आधी ब्रास.